म्हशींसाठी यायचं असेल, तर उंदरांची तयारी ठेव

दारव्ह्याकडच्या एका मुलीनं विचारलंय: "ताई, मी नागपूरला एम.व्ही.एस्सी. करतेय, विषय प्रजननशास्त्र. घरी दोन म्हशी आहेत, त्यांचा मुका (बाहेरून न दिसणारा) माज बघूनच हा विषय घेतला. बीज सुटणं कशानं ठरतं, यावर न्यूझीलंडला पीएच.डी. करायची आहे. खर्च किती येतो? आणि तिथलं शिकलेलं इथं कामाला येईल का?"

पैशाचं आधी सांगते, घरी तोच प्रश्न पहिला निघेल. इथं न्यूझीलंडमध्ये पीएच.डी.ला परदेशी विद्यार्थ्यालाही इथल्याइतकीच फी असते. शिष्यवृत्ती मिळाली तर फी आणि राहण्या-खाण्याचं भागतं. नाही मिळाली तर वर्षभर थांब, पण वावर गहाण टाकून येऊ नकोस. एजंटच्या तर वाटेलाच जाऊ नकोस. मी एकाला चाळीस हजार दिले आणि त्यानं भलत्याच डिप्लोमाचं पत्र आणून हातात ठेवलं. बाबांनी त्या वर्षीच्या तुरीचे पैसे दिले होते, अजून बोलून दाखवतात. पीएच.डी.साठी मार्गदर्शकाला आपणच ईमेल लिहायचा. त्यात स्वतःचं कौतुक दोन ओळीत उरक आणि त्यांचा पेपर वाचून पडलेला एक खरा प्रश्न विचार. माझा प्रश्न तुझ्यासारखाच होता: बीज सुटतं, तरी म्हैस माज का दाखवत नाही?

उत्तर आलं, जागाही मिळाली. आणि मी आले ती उंदरांच्या खोलीत.

हे तुला कोणी सांगणार नाही म्हणून सांगते. बीज कधी सुटायचं हे मेंदू कसं ठरवतो, हे शोधायला जनुकं बदललेला प्राणी लागतो, आणि तो बहुधा उंदीर असतो. तू म्हशीला रिसेप्टॉलचं इंजेक्शन टोचतेस, त्यातलं औषध जीएनआरएच या ज्या मेंदूतल्या संप्रेरकाची नक्कल आहे, ते मेंदूतून धारेसारखं वाहत नाही, ठोक्याठोक्यानं सुटतं. माकडांवरच्या प्रयोगांत तासाला एक ठोका दिला तर एलएच, म्हणजे बीज सोडायला लावणारं संप्रेरक, नीट चाललं, सलग दिलं तर ते बंदच पडलं. हे 1978 मधलं. मग हे ठोके देतं कोण? तिथं किसपेप्टिन येतं, मेंदूतलंच एक निरोप देणारं रसायन. त्याचं जनुक 1996 मध्ये अमेरिकेतल्या हर्शी गावात सापडलं, कॅन्सरवरच्या कामात, आणि नाव पडलं तिथल्या 'किसेस' चॉकलेटवरून. माणसात त्याचा निरोप घेणारा रिसेप्टर बिघडला तर वयात येणंच अडतं, हे 2003 मध्ये दोन गटांनी दाखवलं. तोवर प्रजननवाल्यांचं त्याच्याकडे फारसं लक्षच नव्हतं.

काम कसं असतं? उंदराच्या शेपटीच्या टोकातून दर सहा मिनिटांनी चार मायक्रोलिटर रक्त, त्यातलं एलएच मोजायला, तासन्‌ तास. थेंब म्हणावा इतकाही नाही. पण त्याआधी तीन-चार आठवडे रोज त्याला हातावर घेऊन सवय लावायची, कारण उंदीर घाबरला की ठोके दबतात आणि आलेख सपाट येतो. माझे पहिले दोन महिने असे सपाटच गेले. मार्गदर्शक म्हणाल्या, तुझे हात घाईत आहेत. आमच्या आर्वीकडच्या गोठ्यात आई धार काढायच्या आधी म्हशीशी पाच मिनिटं बोलायची, तेव्हा मला ते रिकामपण वाटायचं.

आता कामाला येईल का? लगेच नाही. जीएनआरएचची रचना 1971 मध्ये कळली, आणि ओव्हसिंकचं वेळापत्रक, म्हणजे ठरल्या दिवशी जीएनआरएचसारखी इंजेक्शनं देऊन रेतन करायचं, जे तू माज न बघता लावतेस, ते विस्कॉन्सिनमधून 1995 मध्ये आलं. मधली चोवीस वर्षं मोज. तुला घरच्या म्हशी लवकर गाभण राहाव्यात असं वाटत असेल, तर हिसारची केंद्रीय म्हैस संशोधन संस्था तुला जवळची. तिथं म्हशीवरच काम होतं, आणि त्यात कमीपणा काही नाही. पण 'का' हा प्रश्न झोपू देत नसेल, तर इकडे ये. देश बघून प्रयोगशाळा निवडू नकोस, ते कोणत्या प्राण्यावर काम करतात ते आधी बघ.

राहण्याचं थोडक्यात. मी राहते त्या डुनेडिन शहरातली जुनी घरं घराबाहेरपेक्षा थंड. आपण मे महिन्यात कूलरपुढे बसणारे लोक, पहिला जुलै जड जातो. स्वेटर तिकडून आणू नकोस, इथल्या थंडीला पुरत नाही. तिखट मात्र भिवापुरी आण, सीलबंद पाकिटातलं, आणि इथं येताना भरायच्या फॉर्मवर खाण्याच्या वस्तू आहेत असं स्पष्ट लिही, नाहीतर दंड. ऋतू उलटे असल्यामुळे इथं मेंढ्या मार्च-एप्रिलमध्ये माजावर येतात. दिवस लहान व्हायला लागले की येतात, अगदी आपल्या म्हशींसारख्या. पहिल्या वर्षी बसमधून ते कळप बघितले की मला गोठा आठवायचा.

ईमेलचा मसुदा पाठव, लाल पेनानं बघते. फोन रविवारी कर. इतर दिवशी तुझ्या सकाळी दहाच्या सुमारास नको, तेव्हा इथं खोलीतले दिवे बंद व्हायची वेळ असते, बीज सोडणारी एलएचची उसळी त्याच सुमाराला येते, आणि माझे दोन्ही हात उंदरात असतात.