फुफ्फुसाच्या कॅन्सरला त्याच जागी पुन्हा रेडिएशन देता येतं का?

तुमच्या वडिलांना दीड वर्षापूर्वी ३० बैठकांत ६० ग्रे (ग्रे म्हणजे रेडिएशनचा डोस मोजायचं एकक) रेडिएशन झालंय. आता त्याच बाजूला गाठ दिसतेय. एक डॉक्टर पुन्हा नको म्हणतात, दुसरे देऊ म्हणतात. मी रेडिएशन विभागात प्लॅनिंगचं काम करतो. कागद न पाहता कोण बरोबर हे मी सांगणार नाही, पण दोघं कशाचा विचार करत असतील ते सांगतो.

गाठ नेमकी कुठे आहे, यावर बरंच ठरतं. फासळ्यांच्या बाजूला, लहान असेल तर एसबीआरटी, म्हणजे मोजक्या बैठकांत नेमक्या जागी मोठा डोस, हा विचार होऊ शकतो. छातीच्या मध्यभागी असेल तर गोष्ट वेगळी. मज्जारज्जू काही महिन्यांत बराच सावरतो. महाधमनी आणि मोठ्या श्वासनलिकांबाबत तसं गृहीत धरता येत नाही. दोन्ही वेळचा मिळून महाधमनीवर १२० ग्रेच्या वर डोस गेलेल्या काही रुग्णांचा जीव जबर रक्तस्रावाने गेलाय. ‘नको’ म्हणणाऱ्या डॉक्टरांच्या मनात बहुधा हेच असेल.

त्याआधी ही गाठ कॅन्सरचीच आहे का, ते विचारा. रेडिएशन दिलेल्या जागी फुफ्फुस आक्रसून घट्ट होतं आणि सीटीवर ते गाठीसारखं दिसू शकतं. पेट (PET) स्कॅन आणि जमलं तर बायोप्सी, म्हणजे गाठीचा छोटा तुकडा काढून तपासणी, करावी. त्याच तुकड्यावर ईजीएफआर, एएलके या जनुकांतल्या बदलांच्या तपासण्या होतात; त्यात काही सापडलं तर गोळ्यांचा मार्गही असतो.

आता माझी कळकळीची विनंती. जुन्या हॉस्पिटलातून फक्त डिस्चार्ज कार्ड आणू नका. प्लॅनिंगचा सीटी, स्ट्रक्चर (त्यावर आखलेल्या गाठीच्या आणि अवयवांच्या सीमा), प्लॅन आणि डोस या डायकॉम (स्कॅन आणि प्लॅन साठवायचा ठरलेला प्रकार) फाइल सीडीवर मागून घ्या. ‘६० ग्रे’ या आकड्यावरून अन्ननलिकेला किती गेलं, मज्जारज्जूला किती, काहीच कळत नाही. सीडी नसली की आम्हाला सगळ्यात वाईट शक्यता धरून चालावं लागतं, आणि देता आला असता तो डोसही आम्ही हात आखडून देतो. असं होताना मी पाहिलंय, फार वाईट वाटतं.

डॉक्टरांना स्पष्ट विचारा: हे बरं करण्यासाठी की त्रास कमी करण्यासाठी? धाप किंवा दुखणं कमी करायचं असेल तर छोटा, कमी डोसचा कोर्सही पुरतो.

बाबांच्या खोकल्यातून रक्त पडत असेल तर मात्र सीडीची वाट पाहू नका, आजच दाखवा.