व्ही. एस. अझरिया: पहिले भारतीय अँग्लिकन बिशप कसे झाले?

तुमचे प्रश्न दोन आहेत: अँग्लिकन पंथात (चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतला ख्रिस्ती पंथ) बिशप होण्याची रीत काय, आणि पहिले भारतीय बिशप वेदनायगम सॅम्युएल अझरिया यांना एवढा विरोध का झाला.

आधी रीत. पायऱ्या तीन: डिकन, पाळक (प्रीस्ट) आणि बिशप (एका भागातल्या सगळ्या चर्चचा प्रमुख). चर्च ऑफ इंग्लंडच्या १६६२च्या प्रार्थनापुस्तकाप्रमाणे यांची किमान वयं २३, २४ आणि ३०. डिकन उपदेश करतो, पाळकाला मदत करतो. प्रभुभोजनाचा विधी पाळकच चालवतो. दृढीकरण (बाप्तिस्मा झालेल्यांना विश्वासात पक्कं करण्याचा विधी) आणि नव्या पाळकांना दीक्षा मात्र फक्त बिशपच देऊ शकतो, आणि नवा बिशप करायचा तर रिवाजाप्रमाणे किमान तीन बिशपांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवावे लागतात. म्हणजे बिशप दूर असला किंवा त्याला लोकांची भाषा येत नसली, की गावोगावच्या मंडळ्यांची (ख्रिस्ती समूहांची) वाढ खुंटते. अझरियांचं महत्त्व इथून समजतं.

त्यांचा जन्म १८७४चा, तिरुनेलवेली भागातल्या वेल्लालनविळै गावचा. वडील तिथलेच पाळक. मद्रास ख्रिश्चन कॉलेजात शिकून १८९५पासून ते वायएमसीए या ख्रिस्ती युवक संघटनेचं काम करू लागले. १९०३मध्ये तिरुनेलवेलीत त्यांच्या पुढाकाराने इंडियन मिशनरी सोसायटी स्थापन झाली. माणसं भारतीय, पैसा भारतीय, कारभारही भारतीय. या संस्थेने निजामाच्या राज्यातलं तेलुगू भाषिक दोर्नकल निवडलं. १९०९मध्ये दीक्षा घेऊन अझरिया स्वतः तिथे गेले. मातृभाषा तमिळ असल्याने तेलुगू शिकावी लागली.

आता विरोध. इंग्रजी अमलात कलकत्ता, मद्रास, मुंबई इथले बिशप राजाच्या सनदेने नेमले जात. कलकत्त्याचं पद १८१४पासूनचं, मुंबईचं १८३७पासूनचं. सरकारी चॅपलेनांचा (सरकारने नेमलेल्या पाळकांचा) पगार तिजोरीतून निघे. अशा व्यवस्थेत भारतीय बिशप नेमला तर गोरे पाळक त्याच्या हाताखाली येणार, आणि खरी पोटदुखी तीच होती. उघडपणे मात्र ‘भारतीय अजून तयार नाहीत’ असं सांगितलं जाई. मद्रासचे बिशप हेन्री व्हाइटहेड यांनी हा मुद्दा लावून धरला. वाट निघाली ती अशी: धर्मप्रांत लहान, तोही इंग्रजी अमलाबाहेर, निजामाच्या हद्दीतला, अझरिया दोर्नकलचे बिशप आणि त्याचबरोबर मद्रासच्या बिशपांचे साहाय्यक. २९ डिसेंबर १९१२ला कलकत्त्याच्या सेंट पॉल्स कॅथेड्रलमध्ये त्यांचा अभिषेक झाला. वय ३८. पुढे कृष्णा नदीच्या बाजूचे ब्रिटिश हद्दीतले तेलुगू भागही दोर्नकलला जोडले गेले, आणि गोरे मिशनरी त्यांच्या हाताखाली आलेच.

त्याआधी १९१०मध्ये एडिनबरोच्या जागतिक मिशनरी परिषदेत त्यांनी गोऱ्या मिशनऱ्यांना तोंडावर सांगितलं होतं, की तुम्ही आम्हाला पैसा दिलात, जीवही दिलात, पण आम्हाला मित्र हवेत. सभागृहातल्या अनेकांना ते झोंबलं.

दोर्नकलमध्ये मंडळीत आले ते मुख्यतः माला आणि मादिगा या दलित समाजांतले लोक, तेही कुटुंबंच्या कुटुंबं. झुंडीने बाप्तिस्मा झाला की शिकवण मागे पडते आणि जुनी जातीची अढी चर्चमध्येही शिरते. माला-मादिगा एकत्र बसायला तयार नसत. म्हणून अझरियांचा भर गावातल्या शिक्षकांवर होता. बाप्तिस्मा झालेल्यांना ते स्वतःच्या डोक्यावर हात ठेवायला लावत आणि म्हणवून घेत: माझा बाप्तिस्मा झाला आहे, मी सुवार्ता सांगितली नाही तर माझी केवढी दुर्दशा होणार! धर्मप्रसाराची जबाबदारी पगारी माणसावर न टाकता प्रत्येकावर टाकण्याची ही पद्धत मला त्यांच्या कामातली सर्वांत मोलाची वाटते. दोर्नकलचं कॅथेड्रल (बिशपचं मुख्य चर्च) १९३९मध्ये पुरं झालं. त्याला घुमट आणि मिनार आहेत, आणि मंदिरांची आठवण करून देणारे खांबही.

राजकारणात ते गांधीजींशी धर्मांतराच्या प्रश्नावर ठामपणे भांडले, पण ख्रिस्ती समाजासाठी वेगळे मतदारसंघ मात्र त्यांना नको होते. ते घेतले की आपण एका जमातीपुरते उरू, असं त्यांना वाटे. त्यांना धर्मांतराचे कंत्राटदार ठरवणारे हा भाग सोयीने विसरतात.

१९१९मध्ये तमिळ भागातल्या त्रांकेबारला वेगवेगळ्या पंथांचे पाळक जमले आणि एक चर्च करण्याचा जाहीरनामा निघाला, त्यात अझरिया पुढे होते. बोलणी २८ वर्षं चालली. घोडं अडलं ते बिशपपदावरच: ज्या पंथांत बिशपच नव्हते, त्यांच्या पाळकांची दीक्षा खरी मानायची की नाही? शेवटी बिशपपद ठेवायचं, पण जुन्या पाळकांवर पुन्हा हात ठेवायचे नाहीत, असं ठरलं. चर्च ऑफ साउथ इंडिया २७ सप्टेंबर १९४७ला अस्तित्वात आलं. अझरिया १ जानेवारी १९४५लाच गेले होते.

आपल्याकडचे अँग्लिकन १९७०मध्ये नागपुरात स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात (सीएनआय) सामील झाले. त्यामुळे पुणे, नाशिक किंवा मुंबईत अँग्लिकन बिशप शोधायचे असतील तर ‘सीएनआय’च्या नावाने शोधा.