मनस्वी स्वभावाच्या आईवर स्मृतिलेख लिहिताना तिची भांडणे वगळावीत का?

तुम्ही विचारले आहे की, आईच्या वर्षश्राद्धाला नातेवाइकांना वाटण्यासाठी चार पानांची पुस्तिका काढायची आहे, आई स्वतंत्र बाण्याची आणि फटकळ होती, तेव्हा तिची भांडणे त्यात लिहावीत की वगळावीत. वगळू नका. खरे तर उत्तर एवढ्यावर संपते. परंतु हाच वाद आमच्या घरात तीन वर्षे चालू आहे आणि त्यात मी अद्याप हरलेलीच आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आमची आई वारली तेव्हा वर्तमानपत्रातल्या जाहिरातीचा मजकूर माझ्या थोरल्या भावाने, म्हणजे दादाने, लिहिला. त्यात ती 'त्यागमूर्ती' होती, 'वात्सल्यसिंधू' होती आणि 'गिरणी संपात कामगारांना विनामोबदला जेवू घालणारी अन्नपूर्णा' होती. शोकसभेत त्याने आणखी भर घातली की, ती लाटणे मोर्चातही अग्रभागी होती. १९७२ नंतरच्या महागाईविरोधी आंदोलनात अहिल्याताई रांगणेकर आणि मृणालताई गोरे यांच्यामागे मुंबईतल्या बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या हे खरे आहे, पण आई त्यांत नव्हती. तिचे लाटणे मोकळे नसे. दोन वेळच्या मिळून दीडशेहून अधिक चपात्या तिला लाटाव्या लागत, आणि मोर्चाला जाता आले नाही याची रुखरुख तिने स्वतः मला बोलून दाखवली होती.

डिलाईल रोडच्या बीडीडी चाळीत आमची एकशे साठ चौरस फुटांची खोली होती आणि तीत आम्हा चौघांचा संसार सांभाळून आई खाणावळ चालवीत असे. एकवीस मेंबर होते. काही पंगतीला बसत, बाकीच्यांचे डबे जात. सकाळी सातच्या पाळीचे डबे भरायचे म्हणून तिची चूल पहाटे तीनला पेटे. वडील गिरणीत साच्यावर, म्हणजे कापड विणायच्या मागावर, होते आणि स्वभावाने इतके मवाळ होते की, मेंबरकडे पैसे मागण्याची वेळ आली की ते पाणी भरायला निघून जात. हिशेबाची वही आईची होती. पाठपुठ्ठ्याच्या त्या वहीत प्रत्येक मेंबरचे एक पान असे आणि खाड्याच्या दिवसापुढे ती लहानशी फुली मारीत असे. बुधवारी मासळी आणि रविवारी संध्याकाळी खाणावळ बंद, हा नियम कोणासाठीही बदलला नाही. त्या रविवारच्या संध्याकाळी ती पुष्कळदा लालबागच्या भारतमाता सिनेमात मराठी चित्रपट पाहायला जाई, तेही एकटी. आम्हाला नेत नसे. 'तुम्ही बरोबर आलात की मला पुन्हा वाढावंच लागतं,' असे ती म्हणे. हे वाक्य शोकसभेत सांगायची माझी इच्छा होती, परंतु दादाने ते अप्रस्तुत ठरवले.

१९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी गिरणगावातल्या खाणावळवाल्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. त्याआधी या बायका वाण्याच्या उधारीवर आणि सावकाराच्या व्याजावर जगत. मंडळामुळे त्यांना बँकेचे कर्ज मिळू लागले. आईच्या गटात पाच जणी होत्या आणि त्या एकमेकींना जामीन होत्या. म्हणजे आईचा हप्ता थकला असता तर तो उरलेल्या चौघींच्या डोक्यावर बसला असता. दादाच्या जाहिरातीतला 'अन्नपूर्णा' हा शब्द म्हणूनच मला खटकतो. मंडळाचे नाव अन्नपूर्णा असले तरी तिथे अन्नदान चालत नव्हते, तिथे हप्ते भरावे लागत.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले. वडीलही त्यांत होते. आईने जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्च असे तीन महिने सगळ्यांना उधारीवर जेवू घातले. एप्रिल उजाडला तेव्हा तिने पंगतीत उभे राहून सांगितले की, आजपासून रोख असेल तरच ताट मिळेल. त्या दिवशी चाळीत तिला कैदाशीण म्हणाले, आणि म्हणणाऱ्यांत आमचे सख्खे काकाही होते. मेंबर हळूहळू गावी गेले. वहीतल्या बाकीची बेरीज मात्र तशीच राहिली.

दिवाळीनंतर, भातकापणी उरकून दाणा घरात आला असेल असा अंदाज बांधून, आई वसुलीला कोकणात निघाली. माझी शाळेला सुट्टी होती म्हणून दहा वर्षांच्या मला तिने बरोबर घेतले. कोकण रेल्वे तेव्हा नव्हती. रात्रभर एसटीत बसून आम्ही पहाटे संगमेश्वरला उतरलो आणि तिथून पायी वाडीवर गेलो. आईच्या पिशवीत वही, एक ताणकाटा आणि माझ्यासाठी दशम्या होत्या. पहिल्या घरी मेंबर अंगणात पेंढा रचत होता. आईला पाहून त्याच्या हातातली पेंढी खाली पडली, हे मला स्वच्छ आठवते. त्याच्या बायकोने पिठले-भात रांधला; आई म्हणाली की, आधी हिशेब, मग पान. तीनशे चाळीस रुपयांची बाकी तिने महिन्यामहिन्याची फोड करून वाचून दाखवली, खाडे वजा केलेले दाखवले, आणि मग त्याने कणगीतले भात दिले. त्याची बायको दारात उभी राहून म्हणाली, 'मावशी, ह्यांनी मला काहीच सांगितलं नव्हतं. मी समजत होते, फुकट जेवताहेत.' आईने तिला फक्त वहीतले पान दाखवले. त्या बाईला वाचता येत नव्हते, तरी तिने फुल्या मोजल्या.

दुसऱ्या घरी दाणा नव्हता. तिथे आईने तांब्याचा हंडा घेतला. वाडीखालच्या दुकानात बसून तिने तो ताणकाट्याला लावला, मोडीच्या भावाने त्याचे एकशे दहा रुपये धरले, वहीत मांडले आणि उरलेल्या बाकीखाली मेंबरची सही घेतली. त्याची म्हातारी आई रडत होती. मी आईचा पदर ओढून 'आपण जाऊ या' म्हणाले, तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. येताना भाताचे पोते एसटीच्या टपावर आणि हंडा माझ्या मांडीवर होता. उरलेले पैसे त्या माणसाने वर्षभरात मनीऑर्डरने पाठवले. ती कुपने वहीत टाचलेली आहेत. पुढे तो मुंबईला परतला आणि पुन्हा आमच्याकडेच जेवू लागला. आई त्याच्याकडून महिन्याचे पैसे आगाऊ घेत असे आणि त्याला भाजी मात्र इतरांपेक्षा जास्त वाढत असे. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे. याचा अर्थ काय लावायचा तो लावावा.

दादाचे म्हणणे असे की, या गोष्टी सांगितल्याने आई निष्ठुर ठरते आणि गेलेल्या माणसाचे वाईट चारचौघांत बोलू नये. मला हे पटत नाही. संपात फुकट जेवू घालणारी बाई तीन महिन्यांत दिवाळखोर झाली असती, आणि तिच्याबरोबर गटातल्या चार बायकाही बुडाल्या असत्या. त्या वर्षी तिचा एकही हप्ता चुकला नाही, आणि दादाची दहावीची वर्षे त्याच वसुलीवर निघाली, हे तो सोयीस्करपणे विसरतो. त्यागमूर्ती म्हटले की बाईने काय केले हे सांगायची गरजच उरत नाही, म्हणून तो शब्द पुरुषांना फार आवडतो असे माझे मत झाले आहे. तुमच्याही घरी कोणीतरी तो सुचवील. त्याला त्या बाईच्या आयुष्यातली तीन भांडणे, कोणाशी, कशावरून आणि किती रुपयांची, एवढे विचारा. सांगता आले नाही तर त्याच्याकडून मजकूर लिहून घेऊ नका.

पुस्तिकेचे म्हणाल तर जन्मगाव, शिक्षण, नोकरी यांसाठी एक परिच्छेद पुरे. तिच्या हातचे काही लिखाण असेल, मग ती वाणसामानाची यादी का असेना, तर त्याचे छायाचित्र अवश्य छापा. तिचे माहेरचे नावही द्या. ज्यांच्याशी भांडणे झाली ती माणसे किंवा त्यांची मुले हयात असतील तर त्यांची नावे गाळावीत, हे मी आधीच लिहायला हवे होते. शिवाय आईची एखादी गोष्ट तिने विश्वासाने केवळ तुम्हालाच सांगितली असेल तर ती तुमच्यापाशीच राहू द्या. दादाचे एक म्हणणे मलाही मान्य करावे लागते: त्या म्हाताऱ्या बाईचे रडणे मी आजवर कुठेही लिहिले नव्हते, आणि आता लिहिताना मला बरे वाटत नाही.

तो हंडा सध्या दादाच्या डोंबिवलीच्या घरी आहे. वहिनी तो चिंचेने घासून लख्ख ठेवतात आणि त्यात मनीप्लांट लावलेला आहे. गेल्या श्राद्धाला एका पाहुण्याने त्याची चौकशी केली तेव्हा दादा म्हणाला, 'आईच्या माहेरचा आहे.' मी पाने वाढत होते. आईच्या माहेरी तांब्याचे भांडे नव्हतेच, तिथे सगळे जर्मनचे होते.