उपास-प्रार्थना चालू ठेवा, गोळी बंद करू नका

प्रश्न : सिस्टर, सलाम. मी पुण्याजवळच्या एका मंडळीचा सेक्रेटरी आहे. आमच्या तरुण संघातला एक मुलगा गर्द ओढतो. भजनाला ढोलकी तोच वाजवतो. गेल्या वर्षी उपास-प्रार्थनेच्या शिबिरात त्याने सगळ्यांसमोर साक्ष दिली, की प्रभूने मला सोडवलं. महिन्याभरात पुन्हा सुरू झालं. आता डॉक्टरांनी जिभेखाली ठेवायची गोळी दिली आहे. कमिटीत काही जण म्हणतात, ही गोळी म्हणजे दुसरी नशाच, विश्वास असेल तर तिची गरज काय? काही म्हणतात, सभासदांच्या यादीतून नाव कमी करा, नाहीतर बाकीची पोरं बिघडतील. पाळकसाहेबांनीच तुम्हाला लिहायला सांगितलं. मंडळीने काय करावं?

उत्तर : भाऊ, सलाम. आधी गोळीचं बोलते, कारण त्याचा जीव त्यावर अवलंबून आहे.

गर्द म्हणजे अशुद्ध हेरॉइन, अफूपासून बनलेलं. रोजची सवय लागली की शरीर त्याच्याशिवाय चालत नाही. एक दिवस चुकला तरी नाक गळतं, जांभया येतात, अंगावर काटा येतो, पोटात मुरडा येतो, पाय एका जागी ठरत नाहीत. पोरं याला टर्की म्हणतात. डॉक्टरांनी दिलेली गोळी बहुधा ब्युप्रेनॉर्फिनची असणार. हेरॉइन मेंदूत जिथे जाऊन बसतं तिथेच ती बसते, पण टर्की थोपवते आणि सवयीच्या माणसाला झिंग आणत नाही. मी बरीच वर्षं एका सरकारी ओएसटी केंद्रात, म्हणजे गर्दच्या जागी असं औषध देणाऱ्या केंद्रात, नर्स होते. तिथे गोळीची पूड करून आम्ही जिभेखाली घालायचो. ती विरघळेपर्यंत पाणी नाही, बोलणं नाही. मग जीभ वर करून दाखवायची, की झालं. तिथून उठून कुणी रिक्षा काढायला जायचं, कुणी मंडईत हमालीला. नशा करून बसलेली माणसं अशी कामाला जात नाहीत. गोळी किती दिवस घ्यायची, कमी कधी करायची, हे डॉक्टर ठरवतील. कमिटीने त्यात पडू नये.

आता शिबिराचं. पंधरा दिवस गर्द बंद राहिलं की शरीराची सवय उतरते. बाहेर येऊन पोराने जुन्याच मापाने घेतलं, तर श्वास मंदावत मंदावत थांबतो. धोका सगळ्यात जास्त असतो तो या दिवसांत. म्हणून ‘गोळी फेकून दे, विश्वास धर’ असं जो कुणी त्याला सांगेल, तो त्याला मरणाच्या तोंडी देतो आहे. हे मी अगदी विचारपूर्वक लिहिते आहे, आणि कमिटीत मोठ्याने वाचून दाखवा. ओठ निळे पडले, बुबुळातली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झाली, घशातून घरघर येते आहे आणि हलवूनही जाग येत नाही, तर तिथे प्रार्थनेसाठी माणसं गोळा करत बसू नका. १०८ ला फोन करा, त्याला कुशीवर वळवा आणि डॉक्टरांना न लाजता सांगा की याने गर्द घेतलं आहे. नॅलॉक्सोनच्या इंजेक्शनने श्वास परत येऊ शकतो, पण ते वेळेत द्यावं लागतं.

याकोबाच्या पत्रात आजाऱ्यासाठी प्रार्थना आहे आणि तेलही आहे. येशूच्या दाखल्यातल्या चांगल्या शोमरोन्याने वाटेत पडलेल्या माणसाच्या जखमा बांधल्या, उतारशाळेत नेलं, पैसे भरले आणि वर सांगितलं की आणखी खर्च झाला तर परत येताना देईन. त्या जखमी माणसाकडे त्याने साक्ष मागितली नाही. तुम्हीही या मुलाला पुन्हा व्यासपीठावर उभं करू नका. त्याने खोटी साक्ष दिली असं मला वाटत नाही. त्या दिवशी ते त्याला खरंच वाटत होतं. पण सगळ्या मंडळीसमोर ‘सुटलो’ म्हटल्यावर, घसरल्याचं सांगायला तो येणार कुणाकडे?

यादीतून नाव अजिबात कमी करू नका. ख्रिस्ती घरात असं होत नाही, असं ज्यांना वाटतं त्यांना सांगा, की २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात लोकसंख्येच्या मानाने अफूजन्य नशा सर्वाधिक आढळलेल्या राज्यांत मिझोराम आणि नागालँड आहेत, आणि तिथे घरोघर बायबल आहे. उरली बाकीची पोरं. त्यांना हे तुमच्या आधीपासून ठाऊक असतं. ढोलकी वाजवू द्या. दानपेटीची किल्ली मात्र त्याच्याकडे नको, आणि ते त्याच्या पाठीमागे कुजबुजत ठरवू नका, तोंडावर सांगा. नशेत असलेल्या पोरांनाही सरळ बोलणं कळतं.

मंडळीकडे एक मोठी गोष्ट आहे : हॉल. १९८१ साली वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चमध्ये फादर जो परेरांनी ‘कृपा फाउंडेशन’ सुरू केलं. व्यसन सोडण्याच्या बारा पायऱ्यांच्या कार्यक्रमाला त्यांनी अय्यंगार गुरुजींकडे शिकलेल्या योगाची जोड दिली. तुम्हाला एवढं मोठं काही उभारायचं नाही. नार्कोटिक्स अॅनॉनिमस, म्हणजे नशा सोडू पाहणारे एकमेकांना धरून राहतात तो गट, त्याच्या लोकांना आठवड्यातली एक संध्याकाळ हॉल द्या, खुर्च्या द्या, आणि दारात उभं राहून कोण आलं ते बघू नका.

मुलाच्या आईबद्दल तुम्ही एक अक्षर लिहिलेलं नाही. ती उपासनेला यायची थांबली असेल, तर महिला मंडळातल्या दोघींनी तिच्याकडे जावं. उपदेश करायला नको. डबा घेऊन जा आणि घरातले दागिने, भांडी विकली गेली आहेत का, घरभाडं थकलं आहे का, हे विचारा.

सरकारची व्यसनमुक्तीची हेल्पलाइन १४४४६ आहे, तिथून जवळचं केंद्र कळेल. सध्याची गोळी सुटली किंवा केंद्र बदलावं लागलं, तर त्याला एकट्याला पाठवू नका. टर्कीत असलेला मुलगा केसपेपरच्या रांगेत टिकत नाही, निघून जातो. पहिल्या आठवड्यात रोज कोण बरोबर जाणार ते याच बैठकीत ठरवा. इतिवृत्तात जाणाऱ्याचं नाव लिहा, मुलाचं नको.