‘मरेपर्यंत साथ देईन’ ही शपथ घ्यायचं धाडस ख्रिस्ती लोक कुठून आणतात?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही हिंदू, होणारा नवरा कॅथलिक, लग्न चर्चमध्ये व्हावं असं त्याच्या आईवडिलांना वाटतं, आणि शपथेतल्या ‘मरेपर्यंत’ या शब्दाने तुमची झोप उडाली आहे. मी वसईची, कॅथलिक. लग्नाला 22 वर्षं झाली. तो शब्द उच्चारताना माझ्याही घशाला कोरड पडली होती.

पुढची चाळीस वर्षं आपण कसे वागू याची खात्री कुणालाच नसते. येशूचा शिष्य पेत्र, त्याला होती. ‘सगळे सोडून गेले तरी मी जाणार नाही,’ असं त्याने येशूला ठामपणे सांगितलं आणि त्याच रात्री, कोंबडा आरवायच्या आत, तीनदा ओळख नाकारली. तरी येशूने पुढे त्यालाच जवळ केलं, त्याच्याच हाती आपल्या अनुयायांचा कळप सोपवला. ही गोष्ट लहानपणापासून ऐकलेली असल्यामुळे आम्ही शपथ घेतो ती देवाच्या भरवशावर. स्वतःच्या स्वभावाचा भरवसा मला तेव्हाही नव्हता, आजही नाही.

2014 साली व्हॅलेंटाइन डेला पोप फ्रान्सिस व्हॅटिकनमध्ये लग्न ठरलेल्या हजारो जोडप्यांना भेटले होते. तिथे एका जोडप्याने नेमका तुमचाच प्रश्न विचारला. पोप म्हणाले, प्रार्थनेत रोजची भाकर मागतो तसं एकमेकांसाठी ‘रोजचं प्रेम’ मागायला शिका.

मला ते लगेच पटलं, कारण आमच्या घरात ते घडून गेलं होतं. यांची नोकरी गेली त्या वर्षी आमच्यात विकोपाची भांडणं झाली. एकदा तर सलग पाच-सहा दिवस अबोला होता. पण संध्याकाळची रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, चुकवायची नाही ही सासूबाईंची शिस्त. आल्तारासमोर, म्हणजे घरातल्या वेदीसमोर, मेणबत्ती लावून मुलं बसलेली. ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’चा पहिला अर्धा भाग यांनी म्हणायचा, उरलेला आम्ही. आणि आमचा भाग सुरू होतो तोच ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे’ इथून. त्याच्या लगेच पुढे काय, तर क्षमा मागणं आणि क्षमा करणं. ज्या माणसाशी बोलत नव्हते त्याने सुरू केलेली प्रार्थना मला पुरी करावी लागत होती. तिसऱ्या दिवशी माझा आवाज फुटेना, तेव्हा यांनी माझा भागही हळूच म्हटला. भांडण तिथे मिटलं नाही, आणखी दोन दिवस चाललं. पण घर सोडून माहेरी जायचा विचार त्या रात्री माझ्या मनातून गेला.

‘आज’ हा शब्द त्या प्रार्थनेत आहे. चाळीस वर्षांचं एकदम मागितलेलंच नाही.

आता तुमच्यासाठी कामाचं. चर्चच्या कायद्यानुसार दडपणाखाली किंवा धाकाने केलेलं लग्न मुळात लग्नच ठरत नाही. म्हणूनच शपथेच्या आधी फादर सर्वांसमक्ष विचारतात, स्वखुशीने आला आहात ना? आणि ‘पुढे जमलं तर राहू’ अशी अट घालूनही लग्न लागत नाही. तुम्हाला धर्मांतर करावं लागत नाही, मात्र बिशपांची खास परवानगी लागते. मुलांचा बाप्तिस्मा व्हावा म्हणून आपल्या परीने सगळं करीन, असं वचन तुमचा जोडीदार देतो आणि त्याची तुम्हाला कल्पना दिली जाते. यावर दोघांनी लग्नाआधीच स्पष्ट बोला. माझ्या ओळखीत याच एका गोष्टीवरून बारशाच्या वेळी घरं दुभंगली आहेत.

आणखी एक, कारण काही बायका हे कुणाला विचारू शकत नाहीत: मार खात राहा असं ही शपथ सांगत नाही. जिवाला किंवा मनाला गंभीर धोका असेल तर वेगळं राहायचा हक्क चर्चचा कायदाच देतो.

फादरांना भेटायला जाल तेव्हा लग्नविधीचं मराठी पुस्तक मागून घ्या. शपथ घरी आणा, दोघांनी एकमेकांना मोठ्याने वाचून दाखवा. जिथे अडखळाल त्या शब्दावर फादरांशी बोला. लग्नाची तारीख त्यानंतर ठरवली तरी चालेल.