दहा मीटर एअर रायफलची बॅरल घरी काढून बसवायची आहे, कोणती टूल्स घेऊ?

तुम्ही लिहिलंय की मुलासाठी सेकंड हँड दहा मीटर एअर रायफल घेतली, आता शॉट पसरतायत, म्हणून बॅरल काढून, साफ करून परत बसवायची आहे. त्यासाठी पाच हजारांत कोणती टूल्स घ्यावीत आणि व्हाइस (वस्तू घट्ट धरणारा शिकंजा) लागेल का, हा प्रश्न. व्हाइस लागणार नाही. पाइप पाना घरात असेल तर तो रायफलच्या खोलीत आणूसुद्धा नका. आणि बॅरल काढायचा विचार आधी सोडा.

मी ऐरोलीत राहते. आयटीआय मशिनिस्ट आहे आणि रबाळे एमआयडीसीत २२ वर्षं इन्स्पेक्शनला. १ ऑगस्ट २०२४ ला स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचं ब्राँझ जिंकलं, त्या संध्याकाळी माझ्या मुलीने रायफल शूटिंगचा हट्ट धरला. सहा महिने क्लबच्या रायफलवर शिकली. मग आम्ही तुमच्यासारखीच वापरलेली, कॉम्प्रेस्ड एअरची जर्मन रायफल घेतली. माझी भिशी आणि ह्यांचा बोनस, दोन्ही त्यात गेले.

पुढच्या पावसाळ्यात तिचे शॉट डावी-उजवीकडे पसरायला लागले. दहा शॉटच्या सीरिजला (एका शॉटला कमाल १०.९ गुण) १०३-१०४ मारणारी मुलगी ९९ वर आली आणि रोज रडायला लागली. माझ्या दिरांचं कळव्याला गॅरेज आहे. ते म्हणाले, "बॅरल चोक झाली असणार, खोलून साफ करू, अर्ध्या तासाचं काम." मी म्हटलं, भाऊजी, आधी सगळे स्क्रू तपासू. त्यावर, "वहिनी, तुम्ही कागदावर मापं लिहिता, खोलाखोली आमच्यावर सोडा." सासूबाईही म्हणाल्या, अगं, तो रोज गाड्या खोलतो. मी गप्प बसले. त्या गप्प बसण्याचा राग मला अजून येतो.

कित्येक एअर रायफलींमध्ये बॅरल आट्यांनी आवळलेली नसतेच. ती ब्लॉकमध्ये सरकवलेली असते आणि दोन-तीन ग्रब स्क्रूंनी (बिनडोक्याच्या बारक्या स्क्रूंनी) किंवा क्लॅम्पने धरलेली असते. भाऊजींनी स्क्रू ढिले केले, पण बॅरल ओ-रिंगमुळे, म्हणजे हवा अडवणाऱ्या रबरी कड्यामुळे, घट्ट होती, सरकेना. मग गोणपाट गुंडाळून पाइप पाना लावला. निघाली. साफ करण्यासारखं आत जवळजवळ काही नव्हतंच. परत घालताना हवेच्या भोकाच्या धारेवर ओ-रिंग कापली गेली, ते कुणाला दिसलं नाही. शेवटी गॅरेजच्या लांब रॅचेटने ग्रब स्क्रू आवळले. "हाताला कळतं किती आवळायचं," हे त्यांचं वाक्य. ॲल्युमिनियमच्या ब्लॉकमधले आटे तिथल्या तिथे गेले. हवा गळायला लागली आणि बॅरलवर पान्याचे दात उमटले ते उमटलेच.

रायफल पुण्याला सर्व्हिसला गेली. गेलेल्या आट्यांच्या जागी हेलिकॉइल (तारेचे नवे आटे) बसवून परत यायला २४ दिवस लागले. तेवढ्यात जिल्ह्याची स्पर्धा होऊन गेली. परत आल्यावर पहिल्या दिवशी शॉट पुन्हा तसेच पसरले. तेव्हा मी कुणालाही न विचारता रायफल टेबलावर घेतली आणि एकेक जोड बोटाने हलवून पाहिला. फ्रंट साइट, म्हणजे नेम धरायची पुढची खूण, हलत होती. तिचा एक बारका स्क्रू ढिला होता, बस्स.

एवढ्याशा हलण्याने काय होतं, असं भाऊजी आजही विचारतात. हिशोब सोपा आहे. फ्रंट साइट ते रिअर साइट अंतर साधारण ८० सेंटिमीटर धरा. फ्रंट साइट पाच शतांश मिलिमीटर सरकली, म्हणजे केसाच्या जाडीहूनही कमी, तर १० मीटरवर नेम ०.६ मिलिमीटरने हलतो. एअर रायफलच्या टार्गेटवरचा दहाचा ठिपका अख्खा ०.५ मिलिमीटरचा असतो. इथे गाडीच्या सायलेन्सरचा अंदाज चालत नाही.

आता टूल्स. सगळ्यात जास्त पैसे टॉर्क स्क्रूड्रायव्हरवर (ठरवलेल्या जोराएवढंच आवळणाऱ्या) घाला, साधारण १ ते ६ न्यूटन-मीटरचा. गाडीच्या चाकाचा टॉर्क रेंच इथे काही कामाचा नाही. ४० च्या पुढे सुरू होणारं हत्यार ५ कसं मोजणार? रेंजच्या अगदी तळाला तसाही भरवसा ठेवू नये. काम झालं की क्लिकवाला टॉर्क सगळ्यात कमी आकड्यावर आणून ठेवा, नाहीतर आतली स्प्रिंग थकते. किती आवळायचं तो आकडा तुमच्या रायफलच्या मॅन्युअलमधून घ्या, यूट्यूबवरून नको.

एलन की (षटकोनी चाव्या) टपारियाच्या चांगल्या आहेत, मी घरी त्याच वापरते. फक्त २ आणि अडीच मिलिमीटरच्या चाव्या विहा किंवा वेरा कंपनीच्या घेतल्यात तर बरं, कारण बारीक स्क्रूचं डोकं झिजक्या चावीने लगेच गोल होतं. बॉलच्या टोकाने शेवटचा आवळा कधीच देऊ नका, सरळ टोकाने द्या. टोक झिजलं तर ग्राइंडरवर सपाट घासून घ्या, पण पाण्यात बुडवत बुडवत, नाहीतर तापून चावीचं पाणी उतरतं, म्हणजे कडकपणा जातो. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला हे सगळं मिळतं आणि तिथे हातात धरून बघता येतं. ओ-रिंग काढायला प्लॅस्टिकची किंवा पितळेची आकडी घ्या, स्टीलची सुई नको. ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीस लावा, साधं तेल हवेच्या मार्गात अजिबात नको. स्क्रूवर निळ्या लॉकटाइटचा (स्क्रू ढिला न होऊ देणाऱ्या गोंदाचा) टिपका चालेल, लाल नको. आणि पांढऱ्या पेंट मार्करने प्रत्येक स्क्रूवर आडवी रेघ मारा. पुढच्या वेळी ढिला झालेला स्क्रू तुमचा मुलगाच दाखवेल.

साफसफाईला बॅरल काढावी लागत नाही. ४.५ मिलिमीटरच्या फेल्टच्या गोळ्या मिळतात, त्या मागून पुढे ओढल्या की झालं.

टॉर्क स्क्रूड्रायव्हर परवडत नसेल तर बॅगा तोलायचा हुकाचा काटा घ्या. १० सेंटिमीटर लांबीच्या चावीच्या टोकाला काटा अडकवून काटकोनात ओढा. पाच किलो दाखवलं की जवळजवळ ५ न्यूटन-मीटर झाले. हाच काटा मी दिवाळीला भाऊजींपुढे ठेवला. व्हाइसमध्ये एक बोल्ट धरला, त्याला २५ सेंटिमीटरचं हँडल लावलं. म्हटलं, बघू नका, हाताच्या अंदाजाने ५ द्या. काट्यावर हिशोब केला तर ११ आले. दुसऱ्यांदा ८, तिसऱ्यांदा १३. मग मीही केलं, माझे ६, ४ आणि ७ आले. माझा हातही चुकतोच, म्हणून तर मी हातावर सोडत नाही. ते म्हणाले, काटा चुकीचा असेल. काटा मी कंपनीतल्या प्रमाणित वजनांवर तपासूनच आणला होता.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. काहीही खोलण्याआधी पेलेट (छर्रा) आत नाही हे पाहा, सिलिंडर काढा आणि उरलेली हवा सोडा. सिलिंडरवरची तारीखही बघा, उत्पादनापासून १० वर्षं झाली असतील तर तो स्पर्धेत चालत नाही. रायफल स्प्रिंगची असेल तर आतली स्प्रिंग दाबून बसवलेली असते, स्प्रिंग दाबून धरणाऱ्या कॉम्प्रेसरशिवाय ती खोलली तर तोंडावर येते. तिला हात लावू नका. आणि हे सगळं ०.१७७ इंच, २० ज्यूलच्या आतल्या एअर रायफलचं आहे. तुमच्याकडे परवान्याची पॉइंट टू-टू (काडतुसाची ०.२२ इंची) रायफल असेल तर १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ प्रमाणे दुरुस्तीलाही वेगळा परवाना लागतो. तिची बॅरल घरात काढायचीच नाही, परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडे न्यायची.

तुम्ही नेरूळला राहता असं लिहिलंय. रविवारी मुलाला आणि रायफलला घेऊन या, माझा टॉर्क स्क्रूड्रायव्हर इथेच बसून वापरा. सुरुवात फ्रंट साइटच्या स्क्रूपासून करू.