वीस गुंठे विकून बेंगळूरचं कॉलेज घ्यावं का?

दादा, नमस्कार.

तुमचा मुलगा बेळगावजवळच्या लहान कॉलेजात कम्प्युटर सायन्सच्या पहिल्या वर्षाला आहे, खानापुरातून रोज जाऊन-येऊन शिकतो. मार्क उत्तम आहेत. आता त्याला दुसऱ्या वर्षी बेंगळूरच्या नावाजलेल्या कॉलेजात जायचंय. एक एजंट 'सीट करून देतो' म्हणून दोन लाख रोख मागतोय आणि तुम्ही भाताची वीस गुंठे जमीन विकायच्या विचारात आहात.

आधी त्या दोन लाखांचं बोलू. एक रुपयाही देऊ नका. कर्नाटकात कॅपिटेशन फीविरुद्ध (प्रवेशासाठी ठरलेल्या फीच्या वर मागितलेल्या पैशांविरुद्ध) 1984 चा कायदा आहे. पावती नसलेला पैसा बँक कर्जात धरत नाही, आणि काम झालं नाही तर तो मागायचा कुणाकडे? दोन्ही कॉलेजं व्हीटीयूची (विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाची) असतील तर रस्ता सरळ आहे: त्या शाखेत जागा रिकामी हवी, दोन्ही कॉलेजांची ना-हरकत हवी आणि विद्यापीठाची मंजुरी हवी. विद्यापीठ आपल्या बेळगावातच आहे. बापलेक जाऊन स्वतः विचारून या.

आता हिशोब. तुम्ही दिलेल्या आकड्यांनुसार सध्या फी, बस, पुस्तकं धरून वर्षाला एक लाख लागतात. तिकडे फी 2 लाख 60 हजार आणि हॉस्टेल-मेस 1 लाख 40 हजार, म्हणजे चार लाख. तीन वर्षांत जादा नऊ लाख. पदवी दोन्हीकडे व्हीटीयूचीच मिळणार; हे नऊ लाख आपण कॅम्पसला येणाऱ्या कंपन्यांसाठी आणि सोबतच्या मुलांसाठी मोजतोय. अभ्यासू पोराला त्याचा फायदा होतो, हे मी मानतो. म्हणून 'जाऊ नको' म्हणणार नाही. पण जमीन विकून नको. ती एकदा गेली की पुन्हा घेणं तुमच्या पगारात बसणार नाही, आणि मुलगी अजून दहावीत आहे.

शैक्षणिक कर्ज काढा. साडेसात लाखांपर्यंत साधारणपणे तारण लागत नाही. उतारा घरातच राहील, तुम्ही फक्त सहकर्जदार व्हाल. समजा वर्षाला अडीच लाख उचलले, व्याज साडेदहा टक्के, आणि शिक्षण संपल्यावर एक वर्षाची सवलत. मधल्या काळात काहीच भरलं नाही तर हप्ते सुरू होताना कर्ज जवळपास 9 लाख 86 हजारांवर जाईल आणि दहा वर्षांचा हप्ता सुमारे 13,300 रुपये पडेल. तेच व्याज दर महिन्याला भरत गेलात (पहिल्या वर्षी महिना साधारण 2,200, दुसऱ्या वर्षी 4,400, तिसऱ्या वर्षापासून 6,600), तर हप्ता 10,100 वर थांबतो. हे व्याज तुम्ही भरा, मुद्दल मुलगा फेडेल. हे त्याच्याशी आत्ताच समोर बसून बोला. वरचे वर्षाला दीड लाख तुमच्या बचतीतून जातील, पण मुलीच्या नावची एफडी मोडू नका.

2024 साली मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत ठराविक कॉलेजांसाठी विनातारण, विनाजामीन कर्ज मिळतं आणि आठ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या घरांना व्याजात तीन टक्के सूट आहे. तुमचं कॉलेज यादीत आहे का आणि दुसऱ्या वर्षी बदलून घेतलेला प्रवेश चालतो का, हे बँकेकडून लेखी घ्या.

नव्या कॉलेजातही दोन गोष्टी लेखी हव्यात. बदलून आलेल्या मुलाला प्लेसमेंटला पहिल्या दिवसापासून बसू देतात का? याला 'नाही' उत्तर आलं तर नऊ लाखांना अर्थच उरत नाही, विषय तिथंच संपवा. दुसरं, कॉलेज स्वायत्त असेल तर अभ्यासक्रम वेगळा असतो. पहिल्या वर्षाचे कुठले विषय पुन्हा द्यावे लागतील? तिकडे सीजीपीए (सगळ्या सत्रांच्या गुणांची सरासरी) घसरला तर निम्म्या कंपन्या दारातच अडवतील. जुनं कॉलेज मूळ दाखले अडवून धरायला लागलं तर यूजीसीचा (विद्यापीठ अनुदान आयोगाचा) नियम दाखवा, तसं करता येत नाही.

जागा मिळाली नाही तर पोराला खचू देऊ नका. तिसऱ्या वर्षापासून गेट, म्हणजे एम.टेक. प्रवेशाची देशपातळीवरची परीक्षा, देता येते. चांगल्या स्कोअरवर एम.टेक.ला प्रवेश मिळाला तर महिना 12,400 रुपये विद्यावेतन मिळतं, म्हणजे मोठं कॉलेज पदरात पडतं आणि घरावर भार येत नाही. त्या वाटेसाठी घरी राहून वाचलेले पैसे आणि वेळ दोन्ही कामाला येतील.

जमिनीचा इसार घेतला नसेल तर घेऊ नका. घेतला असेल तर याच आठवड्यात मला कळवा, कागद बघून पुढचं ठरवू.